नांदेडला न उतरलेला चेंडू

१९५६ सालच्या १ नोव्हेंबरला मराठवाड्याचे पाच जिल्हे हैदराबाद राज्यातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात दाखल झाले. त्यानंतर बरोबर एका महिन्याने, १ डिसेंबरला, मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताच्या फुटबॉल संघाने यजमान ऑस्ट्रेलियाचा ४-२ असा पराभव करून उपांत्य फेरी गाठली. आशियातील कोणत्याही देशाला तोवर ही मजल मारता आली नव्हती. त्या सामन्यात तीन गोल करणारा नेव्हिल डिसूझा मुंबईकडून खेळणारा होता हे खरे. पण संघ घडविणारे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हैदराबादचे, आणि त्यांच्या हाताखालची कितीतरी पोरे हैदराबाद-सिकंदराबादच्या गल्ल्यांतून आलेली. थोडक्यात, ज्या घराला हे यश लाभले त्या घरातून आपण महिनाभर आधीच दुसरीकडे नांदायला गेलो होतो.

या दोन तारखांचा एकमेकींशी काही संबंध नाही, हे मलाही कळते. मराठी भाषकांचे एक राज्य व्हावे ही मागणी रास्त होती आणि ती पुरी झाली याचा आनंदच आहे. तरी एक प्रश्न मला नांदेडमध्ये राहताना नेहमी पडत आला आहे. सव्वादोनशे वर्षे आपण हैदराबादच्या छत्राखाली काढली. तिथली उर्दू आपल्या बोलण्यात आली, महसुलाचे शब्द आले, खाण्यापिण्याच्या चवी आल्या, मनमाड-सिकंदराबाद रेल्वे आली. मग देशात ज्याचा डंका वाजत होता तो हैदराबादचा फुटबॉल तेवढा नांदेडच्या स्टेशनावर का उतरला नाही?

उत्तर शोधायचे तर आधी रहीमसाहेबांकडे पाहिले पाहिजे. हा माणूस पेशाने शाळामास्तर. शिक्षण उस्मानिया विद्यापीठात. मराठवाड्यातील आमच्या आधीच्या पिढीच्या पदव्याही तिथल्याच. १९५० साली त्यांनी हैदराबाद सिटी पोलिसांचा संघ हाती घेतला आणि त्या संघाने मुंबईचा रोव्हर्स करंडक १९५० ते १९५४ असा लागोपाठ पाच वेळा जिंकला. १९५१ साली दिल्लीच्या पहिल्या आशियाई स्पर्धेत भारताने इराणला १-० असे हरवून सुवर्णपदक मिळविले, तेव्हा प्रशिक्षक रहीमच. मेलबर्नला पुढे युगोस्लाव्हिया आणि बल्गेरियाकडून हार पत्करून संघ चौथा आला. आणि १९६२ मध्ये जाकार्ताला, विरोधात गेलेल्या प्रेक्षकांच्या गदारोळात दक्षिण कोरियाला २-१ असे नमवून पुन्हा सुवर्णपदक. त्या वेळी रहीमसाहेबांना कर्करोगाने ग्रासले होते. १९६३ च्या जूनमध्ये ते गेले. त्यांच्यावरचा 'मैदान' हा चित्रपट २०२४ साली आला तेव्हा नव्या पिढीला त्यांचे नाव कळले. म्हणजे साठ वर्षे लागली.

मला त्यांच्या विजयांपेक्षा त्यांची मास्तरकी जास्त मोलाची वाटते. चेंडू पायात घोळवत न बसता दोन स्पर्शांत पुढे द्यायचा, अशा अटीच्या स्पर्धा ते लहान मुलांसाठी भरवीत. ज्या मुलाचा उजवा पाय चांगला, त्याने डाव्यानेच मारायचे, अशाही स्पर्धा असत. याला आपण शाळेत काय म्हणतो? ज्या विषयात कच्चा, त्याच विषयाचा सराव. बहुतेक पोरे गरीब घरची, कित्येकांना बूट माहीत नसलेले. पण त्यांना एक शिक्षक लाभला होता. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपले बरेचसे खेळाडू अनवाणी खेळले आणि फ्रान्सविरुद्ध अवघ्या एका गोलने, १-२ असे हरले, ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो. १९५० चा विश्वचषक अनवाणी खेळू दिले नाही म्हणून हुकला, ही दंतकथाही तितक्याच आवडीने सांगतो. वास्तविक लांबचा प्रवास, अपुरी तयारी आणि ऑलिंपिकलाच सर्वस्व मानण्याची संघटकांची समजूत ही त्यामागची कारणे होती. अनवाणी पायांच्या कथेत एक सोय असते, ती गरिबीवर बोट ठेवून मोकळी होते. रहीमसाहेबांनी गरीब पोरांनाच घेऊन सुवर्णपदके आणली, ही गोष्ट मग सांगायची राहून जाते.

आता नांदेडचा प्रश्न. हिंदुस्थानात फुटबॉल आणला गोऱ्या पलटणींनी. सिमल्याला १८८८ साली ड्युरँड स्पर्धा सुरू झाली, १९११ साली मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवून कलकत्त्यात शील्ड जिंकली, तेव्हापासून तो खेळ बंगालचा झाला. सिकंदराबादला मोठी छावणी होती, म्हणून तिथे तो रुजला. राजधानीत पोलीस होते, शाळा होत्या, विद्यापीठ होते. जिल्ह्यांच्या वाट्याला यातले फार थोडे आले. नांदेडचे पीपल्स कॉलेज निघाले १९५० साली, लातूरचे दयानंद महाविद्यालय १९६१ साली. ज्या काळात हैदराबादची पोरे कॉलेजच्या मैदानावर चेंडू खेळत होती, त्या काळात इथल्या मुलाला कॉलेज गाठायचे तर आधी हैदराबादच गाठावे लागे. त्यात १९४७-४८ चा रझाकारांचा काळ. तेव्हा गावोगाव जिवाची भ्रांत, खेळ कुणाला सुचणार? आणि रेल्वे माल नेते, माणसे नेते. शिकविणारा माणूस कुणी पाठविला तरच येतो. तो इकडे कुणी पाठविला नाही.

याच्या उलट कोल्हापूर पाहा. तिथे छावणी मोठी नव्हती, पण पेठा होत्या आणि पेठांत तालमी होत्या. कुस्तीच्या तालमीनेच फुटबॉलचा संघ काढला. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ ही नावे ऐकली तर परक्याला वाटेल की आखाड्याची यादी वाचली जात आहे. शाहू स्टेडियमवर दोन पेठांची गाठ पडली की अर्धे शहर एका बाजूला आणि अर्धे दुसऱ्या बाजूला. भांडणेही होतात, ती होऊ नयेत. पण पोराला पेठेचा शर्ट मिळणे ही तिथे मानाची गोष्ट आहे. या शहरातला अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत तयार होऊन २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला.

आपल्याकडे तालमी नव्हत्या असे थोडेच आहे! निलंगा तालुक्यातले हरिश्चंद्र बिराजदार कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत घडले आणि सबंध देशाला माहीत झाले. पण घडायला त्यांना कोल्हापूर गाठावे लागले, हे लक्षात घ्या. मुखेड तालुक्यातील भाग्यश्री जाधव २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये भारताचा ध्वज घेऊन चालली. अंगात रग आहे, जिद्द आहे, यात शंका घेण्याचे कारण नाही. नांदेडात गुरू गोविंदसिंघजींच्या नावाची हॉकीची अखिल भारतीय स्पर्धा वर्षानुवर्षे भरते, बाहेरचे संघ येतात, लोक थंडीत बसून सामने बघतात. एक खेळ एका गावात टिकवायला एक स्पर्धा न चुकता भरवावी लागते, एवढाच त्याचा अर्थ.

फुटबॉलचे मात्र आपण सगळे एका दिवसात उरकतो. १५ सप्टेंबर २०१७ रोजी राज्यात 'मिशन वन मिलियन' झाले. दहा लाख मुलांनी एकाच दिवशी फुटबॉल खेळावा अशी कल्पना. शाळांना चेंडू वाटले गेले, आमदार-खासदारांनी लाथा मारल्या, वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली. कल्पना वाईट नव्हती. पण चेंडू ही हवा भरण्याची वस्तू आहे. सोळा तारखेला तो कुणी भरायचा, पंक्चर कुणी काढायचे आणि कुठल्या तासाला खेळायचा, हे त्या दिवसाच्या परिपत्रकात बसणारे नव्हते. पुढे कितीतरी शाळांत तो कपाटात नकाशांच्या गुंडाळ्यांशेजारी जाऊन बसला. मी अशी कपाटे पाहिली आहेत.

२०२५ च्या डिसेंबरात लिओनेल मेस्सी भारतात येऊन गेला. हैदराबादलाही आला, मुंबईच्या वानखेडेवरही आला. त्याच निमित्ताने राज्य शासनाने 'महादेवा' ही योजना पुढे आणली. तेरा वर्षांखालील मुले आणि मुली निवडायची आणि पाच वर्षे त्यांना शिकवायचे. पाच वर्षे हा शब्द मला आवडला. पण निवड करायची तर निवडण्याजोगी मुले आधी कुठेतरी खेळत असायला हवीत. वर्षभर एकही सामना न खेळलेल्या पोराला चाचणीच्या दिवशी धावायला लावले, तर धावपटू सापडेल. फुटबॉलपटू सापडणार नाही.

वरच्या मजल्यावरची स्थिती तर विचारूच नका. २०२२ च्या ऑगस्टमध्ये जागतिक संघटनेने आपल्या महासंघाला काही दिवस निलंबित केले होते. २०२५ च्या जुलैत देशातील सर्वांत मोठ्या लीगचा हंगामच कराराच्या घोळात लांबणीवर पडला. ऑक्टोबरात मडगावला सिंगापूरकडून हरून आपण २०२७ च्या आशियाई करंडकाला मुकलो. त्याच महिन्यात, ज्या हैदराबादच्या संघाने २०२१-२२ ची लीग जिंकली होती तो संघच दिल्लीला हलला. रहीमसाहेबांच्या शहराचा संघ दिल्लीच्या नावाने खेळणार! मुंबईतही २०१० साली महिंद्र युनायटेड बंद झाला तेव्हा असेच झाले होते. मालकाच्या खिशावर उभा राहिलेला खेळ मालकाच्या मर्जीने बसतो. पोलिसांच्या आणि कंपन्यांच्या संघांनी एके काळी खेळाडूला नोकरी दिली हे उपकारच, पण त्यांच्या खाली शाळांची आणि मोहल्ल्यांची बळकट लीग उभी राहिली नाही.

आता एक हिशेब मांडतो. २०२६ च्या विश्वचषकासाठी केप व्हर्दे हा अटलांटिक महासागरातला देश पात्र ठरला. त्याची लोकसंख्या सव्वापाच लाखांच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत आपल्या नांदेड शहराची लोकसंख्या साडेपाच लाख होती. जिल्ह्याची तेहतीस लाखांवर. त्या देशाचे बरेच खेळाडू युरोपात वाढलेले आहेत, तेव्हा ही तुलना ताणू नये. मग आइसलंड घ्या. लातूर शहराएवढी किंवा त्याहून थोडी कमी वस्ती. वर्षातले कित्येक महिने बर्फ आणि काळोख. त्यांनी काय केले? बंदिस्त मैदाने बांधली आणि लहान मुलांना शिकवायलासुद्धा रीतसर शिकलेला प्रशिक्षक नेमला. २०१६ च्या युरो स्पर्धेत त्यांनी इंग्लंडला हरविले आणि २०१८ चा विश्वचषक खेळले. त्यांचा प्रशिक्षक हाल्ग्रिमसन हा पेशाने दंतवैद्य होता. दंतवैद्य तर लातूरही दरसाल पाठविते!

हा विनोद मी उगाच केला नाही. नांदेड-लातूरच्या फुटबॉलचा खरा प्रश्न इथेच आहे. खेळाडू घडतो तो बारा ते अठरा या वयात. आणि नेमकी हीच सहा वर्षे आपल्या दोन्ही शहरांनी शिकवणी वर्गांना लिहून दिली आहेत. लातूरला क्लासच्या भागात एका चहाच्या टपरीवर मुखेडकडचे एक शेतकरी भेटले. मुलाला वसतिगृहात सोडायला आले होते. बोलता बोलता म्हणाले, "सर, पोरगं गोलकीपर लई चांगलं होतं. तालुक्याला पहिलं आलं होतं त्यांचं. पण मीच म्हणलं, आता दोन वर्षं बंद. खेळून काय भेटतंय हो आपल्याला?"

काय उत्तर द्यायचे? २०२५ साली वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला देशात सुमारे बावीस लाख मुले बसली आणि एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. म्हणजे तोही बेभरवशाचाच सौदा. पण तिथे रस्ता दिसतो: क्लास, परीक्षा, गुण, यादी. फुटबॉलमध्ये तालुक्याला पहिले आल्यानंतर काय, हे सांगणारा रस्ताच नाही. सुब्रतो करंडकाच्या शालेय स्पर्धा होतात. तालुका, जिल्हा, विभाग अशा पायऱ्या आहेत. हरलेल्या संघाचे वर्ष मात्र पहिल्याच सामन्यात, चाळीस-पन्नास मिनिटांत संपते. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला वाढीव गुण आहेत. त्यातूनही काही ठिकाणी खोट्या प्रमाणपत्रांचा धंदा निघाला. मैदानावर न उतरलेली मुले कागदावर खेळाडू झाली. त्या शेतकऱ्याला मी दोष देत नाही. त्याने कोरडवाहू रान गहाण टाकून पोराला लातूरला आणले असेल, तर तो चेंडूवर पैज का लावील?

पण लातूरचीच एक गोष्ट लातूरने विसरू नये. राजर्षी शाहू महाविद्यालयातून पुढे आलेला 'लातूर पॅटर्न' हा काही चमत्कार नव्हता. सामान्य घरातली मुले घ्यायची, सुट्टी न घेणारे शिक्षक द्यायचे, दर आठवड्याला चाचणी घ्यायची, चुकलेले पुन्हा करून घ्यायचे. मागासलेला म्हणून हिणवलेल्या भागाने केवळ पद्धतीच्या जोरावर पुण्या-मुंबईची मक्तेदारी मोडली. त्याचे पुढे जे कारखाने झाले, मुलांची झोप आणि हसू गेले, त्याबद्दल स्वतंत्रपणे लिहावे लागेल. पण ती मूळ पद्धत आणि रहीमसाहेबांची पद्धत यांत मला तरी फरक दिसत नाही. तेच शाळामास्तर, तोच कच्च्या पायाचा सराव.

म्हणून मागणे मोठे नाही. कोट्यवधींच्या स्टेडियमचा नारळ कुणी फोडू नये. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणून लातूरची तहान भागवावी लागली होती. त्याच महिन्यात क्रिकेटच्या खेळपट्ट्यांना पाणी घालण्यावरून उच्च न्यायालयाने आयपीएलचे सामने राज्याबाहेर पाठविले. अशा मुलखात हिरवळीचे स्वप्न दाखविणे हा अपराधच ठरेल. पूर्ण मापाच्या मैदानाला पावणेदोन एकर जागा लागते. लहान मुलांना त्याच्या निम्मी पुरते. मुरूम टाकून दाबलेली, दगड वेचलेली जागा चालते. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर नव्याने वसविलेल्या गावांत रस्ते आणि जागा ऐसपैस आहेत. तिथूनही सुरुवात करता येईल. काळ्या मातीत मात्र पावसाळ्यात खेळू नका. बुटाला चिखलाचे गोळे लटकतात आणि पोरगे फुटबॉलऐवजी नांगरणी शिकते!

हवी आहे ती लीग. एका दिवसाची स्पर्धा नको; सप्टेंबर ते जानेवारी दर रविवारी सामना, प्रत्येक संघाला किमान बारा-चौदा सामने, हरला तरी पुढच्या रविवारी पुन्हा मैदानावर. प्रत्येक तालुक्याला एक तरी परवाना घेतलेला प्रशिक्षक; पहिल्या पायरीचा अभ्यासक्रम काही दिवसांचाच असतो, क्रीडाशिक्षकांना पाठविणे अवघड नाही. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली हे चार जिल्हे १९९४ पासून एका विद्यापीठाखाली आहेत. महाविद्यालयांची मैदाने संध्याकाळी शाळकरी मुलांना उघडण्याचा निर्णय तेवढ्या एका बैठकीत होऊ शकतो. नांदेड हा २००३ पासून दक्षिण मध्य रेल्वेचा विभाग आहे आणि त्या रेल्वेचे मुख्यालय आजही सिकंदराबादला आहे. रेल्वे खेळाडूंना नोकऱ्या देते. आपल्या मुलांच्या चार सामन्यांना त्यांचा निवडणारा माणूस आला, तर त्या शेतकऱ्याला दाखवायला एक रस्ता तरी होईल. आणि क्लासवाल्यांनी संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा हा एक तास सोडावा. गुण कमी होतील ही भीती त्यांनी बाळगू नये. सलग बारा तास बसलेल्या पोराचे डोके शेवटच्या दोन तासांत काय धरते, हे त्यांच्या स्वतःच्या शिक्षकांना विचारावे.

मुलींचा संघ वेगळा हवा आणि पहिल्या वर्षापासून हवा. नागपूरला विजय बारसे यांनी झोपडपट्टीतल्या पोरांना चेंडू दिला, ती गोष्ट 'झुंड' चित्रपटामुळे घरोघर पोहोचली. पण मराठवाड्यात मुलगी चड्डी घालून मैदानात उतरली की आजही मोहल्ल्यात आणि वाड्यात सारखीच कुजबुज होते. ट्रॅकपँट चालेल, डोक्यावर रुमाल चालेल, खेळ बंद व्हायला नको. त्यांचे सामने तालुक्याच्या ठिकाणी आणि सकाळी ठेवावेत. वेळापत्रक करणाऱ्यांनी बसस्थानकावर जाऊन देगलूर, मुखेड, उदगीरकडून खेड्यांत जाणाऱ्या परतीच्या गाड्यांच्या वेळा आधी लिहून घ्याव्यात आणि मगच सामन्याची वेळ ठरवावी. मुलगी रविवारी येणार की नाही, ते त्या गाडीवरच ठरते.